आखडत्या हाताची आशा

बाद फेरीचा सामना तोंडावर आला, की खेळप्रेमी माणसाचे व्याकरण बदलते. साखळी सामने चालू असताना साध्या भविष्यकाळात ‘आपणच जिंकणार’ असे ठणकावून सांगणारा गृहस्थ एकाएकी संकेतार्थाच्या आश्रयाला जातो. ‘जिंकायला हरकत नाही’, ‘सुरुवातीची दहा षटके नीट निघाली तर अवघड नाही’, ‘नाणेफेक काय होते ते बघू’ अशी त्याची वाक्ये होतात आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक ‘पण’ लोंबकळत राहतो. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर महिलांच्या विश्वचषक स्पर्धेत भारत आणि ऑस्ट्रेलिया यांचा उपांत्य सामना व्हायचा होता. त्याआधीच्या दिवसांत सांगलीला लागून असलेल्या माधवनगरात क्रिकेटचा विषय निघाला, की हीच भाषा कानी पडे.

माधवनगरने या सामन्याची इतरांहून अधिक धास्ती घ्यावी, यास उघड कारण होते. स्मृती मानधनाचा जन्म मुंबईचा, १९९६ सालचा. परंतु ती दोन वर्षांची असताना तिचे कुटुंब माधवनगरला आले आणि तिचे शालेय शिक्षण येथेच झाले. वडील श्रीनिवास मानधना सांगली जिल्ह्याकडून क्रिकेट खेळलेले. भाऊ श्रवण हाही लहान वयोगटात महाराष्ट्राकडून खेळला. भावाचे पाहून मैदानावर गेलेली ही मुलगी वयाच्या नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात आणि अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालील संघात निवडली गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये बडोद्याला गुजरातविरुद्ध तिने १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या, तेव्हा तिची अठरा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. सांगलीला मोठ्या खेळाडूंचे अप्रूप नाही. विजय हजारे १९१५ साली सांगलीत जन्मले आणि १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तो त्यांच्या नेतृत्वाखाली. १९६१ साली पहिल्या अर्जुन पुरस्काराच्या मानकऱ्यांत असलेले बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर हेही सांगलीचेच. परंतु या दोघांची कीर्ती सांगलीला वर्तमानपत्रातून कळली. त्या कीर्तीला अभिमानाने नमस्कार करता येतो, तिच्यासाठी दूरचित्रवाणीसमोर नखे कुरतडत बसावे लागत नाही. मानधनाची गोष्ट निराळी. तिला शाळेच्या गणवेशात पाहिलेली माणसे अजून नोकरीत आहेत.

या आशेचा हात आखडता का होता, हे समजून घेण्यासाठी आधीच्या आठ वर्षांचा जमाखर्च पाहणे भाग आहे. २०१७ च्या विश्वचषकात डर्बीच्या उपांत्य सामन्यात हरमनप्रीत कौरने नाबाद १७१ धावा काढून ऑस्ट्रेलियाला घरी पाठवले आणि त्या एका दुपारने देशाला महिला क्रिकेट पाहायला शिकवले. तीन दिवसांनी लॉर्ड्सवर इंग्लंडविरुद्ध २२९ धावांचे लक्ष्य होते. माधवनगरचा धक्का पहिल्या काही षटकांतच बसला. मानधना शून्यावर त्रिफळाचीत झाली. तरीही पूनम राऊतच्या ८६ धावांमुळे भारत ३ बाद १९१ पर्यंत पोहोचला. तेथून अवघ्या २८ धावांत सात गडी पडले आणि विश्वचषक ९ धावांनी गेला. २०१८ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंडकडून आठ गडी राखून पराभव. २०२० मध्ये मेलबर्नला ८६ हजारांवर प्रेक्षकांसमोर अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून ८५ धावांनी पराभव. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात १६२ धावांचा पाठलाग करताना २ बाद ११८ अशी उत्तम स्थिती असतानाही पुन्हा तोच ९ धावांचा आकडा. २०२३ मध्ये केपटाऊनच्या उपांत्य सामन्यात हरमनप्रीतची बॅट जमिनीत अडकली, ती धावबाद झाली आणि सामना ५ धावांनी गेला.

नऊ, नऊ, पाच. या फरकांकडे नीट पाहिले पाहिजे. शंभर धावांनी हरलेला संघ प्रेक्षकाला मोकळे करतो. त्याला कमकुवत म्हणता येते, विषय संपवता येतो आणि रात्री झोप लागते. पाच धावांनी हरलेला संघ मात्र प्रेक्षकाला आपल्या ताब्यात ठेवतो. एक चौकार, एक सुटलेला झेल, एक नो-बॉल, एवढ्यावर सारे अडलेले असते, आणि त्या एका गोष्टीचा हिशेब माणूस वर्षानुवर्षे मांडत बसतो. २०२२ च्या एकदिवसीय विश्वचषकात तर दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या अखेरच्या षटकातील नो-बॉलने उपांत्य फेरीचे दारच बंद केले होते. अशा संघावर प्रेम करणाऱ्याने आशा पूर्णपणे सोडावी तर कारण नाही, आणि पूर्णपणे धरावी तर धीर नाही.

२०२५ च्या स्पर्धेनेही या मनःस्थितीत भर टाकली. श्रीलंका आणि पाकिस्तान यांना हरवल्यानंतर भारताने लागोपाठ तीन सामने गमावले. विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेकडून तीन गडी राखून हार झाली. त्याच मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३० धावा काढूनही त्या पुरल्या नाहीत. इंदूरला इंग्लंडविरुद्ध २८९ धावांचा पाठलाग मानधनाने ८८ धावांपर्यंत नेला, ती बाद झाली आणि चार धावा कमी पडल्या. नऊ, नऊ, पाच यांच्या मालिकेत आता चारचीही नोंद झाली! मग २३ ऑक्टोबरला, भाऊबिजेच्या दिवशी, नवी मुंबईला न्यूझीलंडविरुद्ध मानधना १०९ आणि प्रतिका रावल १२२, अशी २१२ धावांची सलामी झाली आणि उपांत्य फेरीतील जागा निश्चित झाली. ओवाळणी मिळाली असे म्हणेपर्यंत तीन दिवसांनी बांगलादेशविरुद्धच्या सामन्यात रावल जखमी झाली आणि पाऊस पडून तो सामनाही वाहून गेला. भारत चौथ्या क्रमांकावर. समोर ऑस्ट्रेलिया, आणि २०१७ च्या डर्बीनंतर एकदिवसीय विश्वचषकात ऑस्ट्रेलियाचा एकदाही पराभव झालेला नव्हता.

त्यातही नियमांची एक थट्टा होती. २०२० मध्ये सिडनीचा उपांत्य सामना पावसात गेला, तेव्हा गटात अव्वल असल्यामुळे भारत एकही चेंडू न खेळता अंतिम फेरीत पोहोचला होता. या वेळी राखीव दिवसही पावसाने नेला असता, तर त्याच न्यायाने ऑस्ट्रेलिया पुढे गेली असती. म्हणून ज्या जिल्ह्यात पावसासाठी देव पाण्यात ठेवले जातात, तेथील माणसे त्या आठवड्यात मुंबईवरचे आभाळ कोरडे राहावे अशी प्रार्थना करीत होती. तासगाव-मिरज पट्ट्यातील द्राक्षबागाईतदाराला यात नवीन काही नव्हते. ऑक्टोबरची फळछाटणी उरकली, की त्याचीही नजर आभाळावरच असते. एका अवकाळी सरीने घड जिरतात, डाऊनी पसरतो, आणि म्हणून बाग कितीही चांगली फुटली असली तरी माल गाडीत चढेपर्यंत तो दराविषयी तोंड उघडत नाही. शेजाऱ्याने ‘यंदा तुमची चांदी’ म्हटले, तर तो दचकतो. खेळाच्या बाबतीत यालाच दृष्ट लागण्याची भीती म्हणतात. सुशिक्षित मनुष्य ती मान्य करीत नाही. परंतु मानधना पन्नाशीजवळ आली असता जागेवरून उठणाऱ्या मुलाला दटावून खाली बसवणाऱ्यांत पदवीधरांची संख्या कमी नसते.

ही मनोवस्था केवळ आपल्याकडची नाही. युरोपातील फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धांत बाद फेरीची लढत बहुधा दोन सामन्यांची असते. एक आपल्या मैदानावर, दुसरा परक्या मैदानावर, आणि निकाल दोन्हींतील गोलांच्या बेरजेवर. त्यामुळे तेथील प्रेक्षकाला आशेचे गणित मांडायला एक-दोन आठवडे सवड मिळते. २०१९ च्या मे महिन्यात लिव्हरपूलचा संघ बार्सिलोनाकडून ३-० असा हरून परतला आणि पुढच्याच आठवड्यात घरच्या मैदानावर ४-० असा जिंकून अंतिम फेरीत गेला. तेव्हापासून जगातला कोणताही फुटबॉलप्रेमी तीन गोलांची पिछाडी पुरती मानायला तयार नसतो, आणि तीन गोलांच्या आघाडीवर निर्धास्तही होत नाही. इतक्या लांब जाण्याचेही कारण नाही. माधवनगरहून पन्नासेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ एकमेकांना भिडतात, त्या आधी पेठांमधून असेच तोलूनमापून बोलणे चालते. शेजारच्या पेठेला पुढे वर्षभर चिडवता यावे आणि तिने आपल्याला चिडवू नये, एवढ्यासाठी ही काळजी! क्रिकेटच्या बाद फेरीत मात्र दुसरा सामना नाही, शेजारची पेठही नाही. जे व्हायचे ते आठ तासांत होते.

सावध आशेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ही आशा नव्हेच, हा पराभवाचा आगाऊ उतरवलेला विमा आहे; हरलो तर ‘वाटलेच होते’ म्हणायला आणि जिंकलो तर नाचायला मोकळे. आक्षेप अगदीच निराधार नाही. तथापि नोव्हेंबर २०२३ मध्ये पुरुषांचा संघ सलग दहा सामने जिंकून अहमदाबादच्या अंतिम सामन्यात उतरला, तेव्हा देशात विमा उतरवण्याची कोणालाच गरज वाटली नव्हती. फटाके आधीच आणून ठेवलेले होते. त्या रात्रीच्या सुतकी शांततेपेक्षा ‘बघू, काय होते ते’ म्हणणारा माणूस संघाशी अधिक प्रामाणिक असतो. समोरच्या संघालाही खेळता येते, ही गोष्ट त्याने गृहीत धरलेली असते.

याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. भीती वाटण्यासाठी आधी कोणीतरी आपले असावे लागते. महिलांची पहिली आंतरराज्य अजिंक्यपद स्पर्धा १९७३ साली पुण्यात झाली, तेव्हा मैदानात मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. १९९७ च्या डिसेंबरात दिल्लीला विश्वचषकाचा उपांत्य सामना भारत ऑस्ट्रेलियाकडून १९ धावांनी हरला. म्हणजे थोडक्यात हरण्याची परंपरा तेव्हाच सुरू झाली होती, परंतु त्या १९ धावांसाठी हळहळायला फारसे कोणी हजर नव्हते. २००५ मध्ये भारत प्रथमच अंतिम फेरीत गेला आणि सेंच्युरियनला ९८ धावांनी हरला. त्या सामन्याच्या आदल्या रात्री माधवनगरला झोप लागली नाही असे म्हणणे धाडसाचे होईल. त्या वर्षी नियामक मंडळाने महिला क्रिकेट आपल्या छत्राखाली घेतलेलेसुद्धा नव्हते. ते २००६ मध्ये झाले. २०२५ ची धास्ती ही त्या अर्थाने नव्याने मिळालेली चीज आहे. तीन-चार पिढ्यांच्या खेळाडू कोणाच्याही काळजीविना खेळल्या, हरल्या आणि रेल्वेच्या साध्या डब्यातून घरी परतल्या. त्यांच्या वाट्याला टीका आली नाही, कारण अपेक्षाही आली नाही. ‘पण समोर ऑस्ट्रेलिया आहे’ हे काळजीचे वाक्य त्यांच्यापैकी कोणालाही मानपत्रापेक्षा मोलाचे वाटले असते.

मात्र सामन्याच्या बाबतीत शहाणपणाचा ठरणारा हाच आखडता हात घरात आणि शाळेत अन्याय करतो, हे सांगितले पाहिजे. मैदानावर जाणाऱ्या मुलीविषयी पालक आणि शिक्षक ज्या सुरात बोलतात, तो सूर उपांत्य सामन्याआधीच्या सुरासारखाच असतो. ‘खेळायला हरकत नाही, पण अभ्यास सांभाळून.’ ‘गुण आहेत, पण दहावी होऊ दे.’ ‘पुढे काय, ते बघू.’ आपल्याकडे दहावी हीच एक बाद फेरी मानली गेली आहे आणि तिच्यासाठी बाकीचे सारे सामने रद्द होतात. फरक असा, की प्रेक्षकाच्या सावधपणाने धावफलकावर एका धावेचाही परिणाम होत नाही; पालकाच्या आणि शिक्षकाच्या सावधपणाने मात्र सामना सुरू होण्याआधीच मुलगी बाद होऊ शकते. मानधना नऊ वर्षांची होती, तेव्हा महिला क्रिकेटमध्ये पैसा नव्हता, तिच्या सामन्यांचे प्रक्षेपण नव्हते, पुरुषांइतके सामना-मानधन नव्हते. ते २०२२ मध्ये जाहीर झाले. महिलांची प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाली. या गोष्टींची खात्री करून घेऊन मग मुलीला मैदानावर पाठवायचे असे तिच्या घरच्यांनी ठरवले असते, तर तिची पंचविशी लोटल्यावर तिच्या हाती बॅट आली असती. प्रत्येक मुलीची मानधना होणार नाही, हे सांगायला कोणी तज्ज्ञ नको. परंतु प्रत्येक मुलगा तेंडुलकर होत नाही, म्हणून मुलांचे क्रिकेट कोणी बंद केल्याचे ऐकिवात नाही.

त्या गुरुवारी जे घडले ते आता सर्वांना ठाऊक आहे. फीबी लिचफील्डच्या ११९ धावांच्या बळावर ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढा पाठलाग कोणी यशस्वी केला नव्हता. रावलच्या जागी ऐन वेळी बोलावलेली शफाली वर्मा १० धावांवर गेली आणि फलकावर ५९ धावा लागलेल्या असताना मानधना २४ वर बाद झाली. माधवनगरच्या आशेची खरी कसोटी त्या क्षणी लागली. तोवर ती एका नावाला बांधलेली होती. ते नाव तंबूत परतल्यावर दूरचित्रवाणी संच बंद करणारेही असतील. जे बसून राहिले, त्यांना आपली आशा वांद्र्याच्या जेमिमा रॉड्रिग्जच्या आणि पंजाबातील मोग्याच्या हरमनप्रीतच्या हवाली करावी लागली. त्या दोघींनी १६७ धावांची भागीदारी केली. हरमनप्रीत ८९ वर बाद होताच नऊ, नऊ, पाच आणि चार हे सगळे आकडे पुन्हा डोळ्यांसमोर उभे राहिले असणार. परंतु जेमिमा १२७ धावांवर नाबाद राहिली आणि नऊ चेंडू राखून भारत जिंकला. ज्यांनी स्वतः भारताकडून एकही सामना खेळलेला नाही, त्या मुंबईच्या अमोल मुझुमदार यांच्या मार्गदर्शनाखालील संघाने २ नोव्हेंबरला, कार्तिकी एकादशीच्या दिवशी, दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. मानधनाने त्या सामन्यात ४५ धावा केल्या. स्पर्धेतील तिच्या एकूण धावा ४३४ झाल्या. एका विश्वचषकात कोणत्याही भारतीय महिलेने तोवर इतक्या धावा केल्या नव्हत्या.

विजयानंतर राज्य सरकारने मानधना, रॉड्रिग्ज आणि राधा यादव या महाराष्ट्राच्या तीन खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये दिले. ते योग्यच झाले. आता प्रश्न खालच्या पायरीचा आहे. शालेय क्रीडा स्पर्धांचे पत्र दर वर्षी शाळांकडे येते आणि मुलींचा क्रिकेटचा संघ पाठवायचा की नाही, हे मुख्याध्यापक आणि क्रीडाशिक्षक मिळून ठरवतात. अकरा मुली गोळा होत नाहीत, साहित्य मुलांच्या संघाकडे असते, सरावाची वेळ संध्याकाळची आणि परतण्याची एस. टी. साडेपाचची. पत्र फायलीत जाते. दहावी-बारावीला खेळाडूंसाठी असलेले सवलतीचे गुण अनेक घरांत मुलासाठी आवर्जून मागितले जातात. मुलीच्या वेळी त्या अर्जाची आठवण उशिरा होते. सांगली जिल्ह्यातील शाळांनी पुढच्या वर्षी ते पत्र आल्यावर निदान एकेक संघ नोंदवून पाहावा. मुली आठ जमल्या, तर उरलेल्या तीन शेजारच्या वर्गात सापडतात का, ते वर्गशिक्षकांनी विचारावे, आणि सराव साडेपाचच्या आत संपेल अशा बेताने शेवटचा तास मैदानाला द्यावा.